पेडणेकरकाकांची वॉच

कुकरखालचा गॅस बघायला सांगायचा असला तरी पेडणेकरकाका जहाजावरच्यासारखी रीतसर वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, सोपवायचे. "एक शिट्टी झालीय, रबर जुनं आहे, वाफ डावीकडून जातेय. घेतलीस?" समोरच्याने "घेतली" म्हटल्याशिवाय ते ओट्यापासून हलत नसत. सिंगापूरला पासिर रिसमध्ये आमचे फ्लॅट एकाच मजल्यावर, दारं समोरासमोर. मी नोकरीसाठी पुण्याहून एकटी आलेली, त्यामुळे त्यांच्या कुकरची वॉच वरचेवर माझ्याकडे यायची.

काका जहाजावर चीफ इंजिनिअर होते. उमेदीची सगळी वर्षं इंजिनरूममध्ये गेली. "आमच्याकडे एक नियम, अनघा," ते सांगायचे, "न पटलेली वॉच घ्यायची नाही. समोर चीफ असो नाहीतर चीफचा बाप, तोंडावर सांगायचं, नाही घेत." हे सांगताना त्यांचा आवाज असा चढायचा की त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती झाली असेल, असं मला कधी वाटलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मोटरहोमने, म्हणजे आतच राहायची सोय असलेल्या गाडीने, फिरायला जायचं काढलं. कॅनडाच्या उत्तरेकडचे बर्फाचे डोंगर त्यांनी फक्त डेकवरून पाहिले होते आणि ते काकूंना दाखवायचे, हे परस्पर ठरवून टाकलं होतं. तेही मेच्या सुरुवातीला. "जूनमध्ये सगळं जग लोटतं तिथे. आपण त्याआधी जाऊन यायचं." दुसरी ड्रायव्हर म्हणून मला धरलं. काकूंना दमा होता. त्यांनी मुकाट्याने बॅग भरली, त्यात इनहेलर आणि थालीपिठाची भाजणी टाकली.

सीझनआधी जाणं म्हणजे काय, हे तिथे गेल्यावर कळलं. रस्त्याकडेची तळी अजून गोठलेली, कॅम्पच्या जागांना साखळ्या लावलेल्या, तासन्‌तास समोरून एक गाडी नाही. फोनला रेंज नाही. एके दिवशी सकाळी पंप आणि नर्सचा दवाखाना असलेल्या एका छोट्या गावातून निघालो तेव्हा टाकी अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली होती. पेट्रोल घेऊ या का, असं मी विचारलं, तर काकांनी आदल्या रात्री पाहिलेली वेबसाइट सांगितली. वाटेतला पंप उघडा आहे असं तिच्यावर लिहिलं होतं. सिंगापूरमध्ये राहून आमची सवयच तशी झाली होती. उघडं लिहिलंय म्हणजे उघडं असतं.

तो पंप बंद होता. नळ्यांवर ताडपत्री बांधलेली, ऑफिसच्या दारासमोर गुडघाभर बर्फ. काका खाली उतरून सगळीकडे फिरून आले, दार वाजवलं, मागच्या खिडकीतून डोकावले. गाडीत काकूंना सकाळपासून कणकण होती. आता त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला होता. इनहेलर घेऊनही आवाज कमी होईना.

"पुढचा पंप जवळ आहे," काका नकाशावर बोट ठेवून म्हणाले. "मागचं गाव त्याच्या दुप्पट लांब. टाकी पावच्या आसपास. पुढे रस्ता चढाचा, बर्फ आहे, वारा समोरून. तू चालव, मी हिच्यापाशी बसतो. घेतलीस?"

मला काकूंचा श्वास ऐकू येत होता. पुढचा पंपही असाच निघाला तर? गाडी तिथेच बंद पडणार, हीटर किती वेळ चालेल कोण जाणे, आणि काकूंना घेऊन आम्ही त्या बर्फात बसणार. 

"नाही घेत, काका."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दाराला टेकले. "कारण?"

"मागचा पंप उघडा आहे, हे आपण सकाळी डोळ्यांनी पाहिलंय. तिथे नर्सही आहे. पुढचं सगळं वेबसाइटवरचं आहे."

 काकांचा जबडा हलत होता. मागे काकू खोकल्या आणि खोकत राहिल्या. मग काकांनी चष्मा काढून पुसला, स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि गाडी वळवली.

परतीच्या वाटेवर मी काकूंना पाठीमागून धरून बसले होते. त्यांच्या अंगावर घरातून आणलेल्या सगळ्या शाली होत्या. काका उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून गाडी नुसती घरंगळू देत होते आणि एकसारखे काट्याकडे बघत होते. लाल दिवा लागला, तेव्हा त्यांनी मला सांगितलं नाही. मला तो त्यांच्या खांद्यावरून दिसला. काकूंनी डोळे मिटले की मी त्यांना हाक मारायचे आणि त्या बोट हलवायच्या. गाव दिसलं तेव्हा मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पेट्रोल भरताना काकांनी पंपावरच्या बाईंना विचारलं, पुढचा पंप उघडा असतो का? "कधी असतो, कधी नसतो," त्या म्हणाल्या. काकांनी मान हलवली आणि विषय तिथेच सोडला.

संध्याकाळपर्यंत नर्सच्या दवाखान्यातल्या ऑक्सिजनने काकूंच्या चेहऱ्यावर रंग आला. काका स्टुलावर बसून त्यांचा हात चोळत होते. "हे सगळं तुला दाखवायचं होतं गं," ते म्हणाले.

काकूंनी मास्क बाजूला केला. "मला यायचंच नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

नर्सने येऊन मास्क पुन्हा बसवला. काकांनी हात चोळायचं थांबवलं नाही, पण नंतर बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. एवढा मोठा माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हातारा दिसला.

गेल्या वर्षी त्यांनी सिंगापूर सोडलं. काकांच्या डोक्यात दापोलीजवळ समुद्राकाठी घर बांधायचं होतं. काकू नको म्हणाल्या, मला माणसांत राहायचंय. नाशिकला काकूंच्या बहिणीच्या शेजारी त्यांनी फ्लॅट घेतला. मध्यंतरी फोन केला तेव्हा मी विचारलं, "खिडकीतून काय दिसतं, काका?"

"समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे," ते म्हणाले. "हिला आवडतं."

काकूंना फोन द्या, असं मी म्हटलं. पूर्वी काकांनी तो सरळ काकूंच्या हातात कोंबला असता.

"थांब हं," काका म्हणाले. "बोलायचंय का, तिला विचारून येतो."