तारमास्तर पैज जिंकले तेव्हा

मान जराशी तिरकी करायची, समोर टेबल असेल तर टेबलावर आणि नसेल तर स्वतःच्या छत्रीच्या मुठीवर तर्जनीने टक्‌-टक्‌ करायचं आणि विचारायचं, "बोला, लावता?" आमच्या स्टेशनातल्या तारमास्तरांची बोलण्याची सुरुवात अशी. नमस्कार नाही, 'बरं आहे ना' नाही. पैज लावायची की नाही, एवढंच.

मुलांनो, तिकडे विश्वचषकाचे सामने लागले की ऑफिसात सगळे पैजा लावतात, हे तुम्ही परवा फोनवर जरा दबक्या आवाजात सांगितलंत. आजीला धक्का बसेल असं वाटलं असावं. मी लहान होते तेव्हाचं भाईंदर तुम्ही पाहिलं असतंत, तर आवाज दबका केला नसतात.

दिवाळी सरली की मुंबईत क्रिकेटचे मोठे सामने भरत. संघ धर्माप्रमाणे पाडलेले असत: हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि उरलेल्या सगळ्यांचा एक. आज हे लिहितानाही चमत्कारिक वाटतं, पण तेव्हा कुणाला वाटत नसे. त्या दिवसांत मिठागरांच्या बांधांवर, वाण्याच्या दुकानात, उत्तनहून मासळी घेऊन येणाऱ्या मंडळींत दुसरा विषय नसायचा. ज्यांच्याकडे पैसा होता ते पैशांनी खेळत आणि त्यापायी एक-दोघांच्या बायकांच्या बांगड्याही गेल्या. माझे वडील मिठाच्या सरकारी खात्यात होते. पैशांची पैज त्यांना मुळीच मंजूर नव्हती, पण पैजेशिवाय सामना त्यांनाही अळणी लागे. म्हणून स्टेशनाजवळच्या आठ-दहा घरांनी आपली वेगळी रीत पाडली होती. पैज सुकेळ्यांची लावायची. खाडीपलीकडे वसईच्या अंगाला केळी उन्हात वाळवतात, ती ही सुकेळी. हरणाऱ्याने सुकेळ्यांचं पुडकं घेऊन स्वतः जिंकणाऱ्याच्या घरी जायचं आणि जिंकणाऱ्याने त्याला बसवून चहा पाजायचा, असा नियम.

तारमास्तर दर वर्षी हरत. एखादी पैज नव्हे, बहुतेक सगळ्या. उत्तनजवळच्या डोंगरीहून मासळी आणणारा अंतोनही या पैजांत असे. तो त्यांना भर फलाटावर हाक मारी, "मास्तर, आमची जीत हाय बरं का! कवा येता?"

"येतो रे, येतो. रविवारी येतो. घरी आहेस ना?"

"मी नसलो तरी बायको हाय, पोरं हायत. सुकेळी तेवढी इसरू नका."

आणि मास्तर खरंच जात. रेल्वेचा काळा कोट, इस्त्री नसली तरी झटकलेला. काखेत छत्री, हातात पुडकं. आमच्या घरी आले की वडिलांसमोर पुडकं ठेवून म्हणत, "घ्या साहेब, लुटलंत गरिबाला." मग खुर्चीच्या अगदी कडेवर बसत. आईने चहा विचारला की "अर्धाच, वहिनी." तो संपला की "अर्धा चालेल." मग पुन्हा "अर्धा." असे तीन अर्धे होत. माझा इंग्रजीचा धडा ऐकत, भावाच्या पतंगाला शेपूट लावून देत, स्वयंपाकघरात काय शिजतंय ते वासावरून ओळखत. दिवे लागले की एकदम उठत, जणू कुणी घरी वाट पाहत आहे. वाट पाहणारं कुणी नव्हतं. त्यांचं लग्न झालं होतं, बायको फार लवकर गेली, एवढंच आम्हांला ठाऊक होतं. स्टेशनामागच्या क्वार्टरमध्ये ते एकटेच राहत.

"हा माणूस क्रिकेटमध्ये ढ आहे," वडील म्हणत. मलाही तसंच वाटे.

पुढे मी मुंबईला कॉलेजात जाऊ लागले. सामन्यांच्या दिवसांतली एक सकाळ. मी गाडीची वाट पाहत तार ऑफिसच्या खिडकीशी उभी होते. गावात रेडिओ एकाच शेठजींकडे होता आणि तो बहुधा खरखरतच असे. पण तारेवरची रेल्वेची माणसं कामातून सवड काढून एकमेकांना धावसंख्या कळवत. आत यंत्र कडकडलं. मास्तर ऐकून शेजारच्या पोर्टरला म्हणाले, "गेले. पारशांचे सहा गेले. आता काही खरं नाही." मग ते बाहेर आले. मला सोडायला आलेले वडील बाकावर बसले होते. मास्तरांनी छत्रीच्या मुठीवर बोट वाजवलं.

"बोला साहेब, लावता? आपण पारशांकडून."

वडील खूश होऊन लगेच 'हो' म्हणाले. मी मास्तरांकडे पाहत राहिले. सगळ्या भाईंदरात बातमी आधी कळणारा माणूस तोच, आणि सगळ्यात जास्त हरणाराही तोच!

संध्याकाळी मी हे आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "बाबांना बोलू नकोस. काही माणसांना कुणाकडे जायला कारण लागतं गं. तू-मी नुसते जातो. त्यांना नाही जमत."

त्यानंतर दोन की तीन वर्षांनी घोटाळा झाला. अंतिम सामना होता आणि गावाला अगदी ज्वर चढला होता. मास्तरांनी नेहमीप्रमाणे बुडणारा संघ पकडला आणि झाडून सगळ्या घरांशी पैज लावली. पण तो संघ बुडेचना. शेवटची जोडी चिकटली ती चिकटलीच, आणि उरलेल्या धावा काढूनच परतली. मी तेव्हा फलाटावर होते. मास्तर दारात येऊन उभे राहिले. वाईट तार पोचवताना त्यांचा चेहरा होई, तसाच दिसत होता.

"काय मास्तर, कोण जिंकलं?" शेठजींनी विचारलं.

"मी," ते म्हणाले.

फलाट हसला. अंतोनने तर टोपली खाली ठेवून टाळ्या पिटल्या. मास्तरही हसले आणि मग जरा लाजत म्हणाले, "तर मंडळी, रविवारी मी घरीच आहे."

पण नियम कुणी मोडला म्हणू नका. सगळ्यांनी सुकेळी दिली. फक्त एवढंच, की मास्तर दिवसभर स्टेशनात असतात, मग त्यांच्या क्वार्टरपर्यंत कशाला जा, असा विचार प्रत्येकाने आपापला केला. कुणी पोर्टरजवळ पुडकं दिलं, कुणी खिडकीच्या गजाला बांधलं. वडिलांनी शिपायाबरोबर पाठवलं, वर "अभिनंदन" असा निरोप. शनिवारी तार ऑफिसच्या टेबलावर यंत्राला जागा उरली नव्हती म्हणतात.

रविवारी ऊन उतरल्यावर मी आणि आई देवळातून त्या बाजूने येत होतो. मास्तरांचं दार सताड उघडं होतं. अंगण झाडून पाणी मारलेलं. आत वेटिंग रूममधलं लांब बाक आणून ठेवलं होतं, आणि त्याच्यासमोर स्टुलावर कपबशा, कुठून कुठून मागून आणलेल्या, एकीचं दुसरीशी जुळत नव्हतं. मास्तर कोट घालून दारात उभे होते. पुढून शेठजी गेले.

"मास्तर, पोचली ना सुकेळी?"

"पोचली, पोचली."

"छान होती ना?"

"छान होती."

शेठजी चालत राहिले. आई थांबली. चप्पल काढून ती सरळ आत गेली आणि बाकावर बसली.

"वहिनी, साहेबांची पोचली हो," मास्तर गोंधळून म्हणाले.

"त्यांची पोचली असेल. मीही लावली होती, मनातल्या मनात. मी हरले. सुकेळी नाहीत माझ्याकडे, पण चहा मी सोडणार नाही."

तो चहा फार वाईट होता. साखर घालायला मास्तर विसरले होते, आणि आईने तो तीनदा मागून घेतला, अर्धा अर्धा करून. मास्तर आमच्यासमोर उभे राहून, बाकावरच्या मोकळ्या जागेकडे न पाहता, आम्हांला बंगालमधल्या एका स्टेशनावरच्या वाघाची गोष्ट सांगत होते. बाकीच्या कपबशा तशाच राहिल्या. आम्ही निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले. आणखी थोडे पुढे आले. मग थांबले.

पुढच्या वर्षी सामने आले तेव्हा वडिलांनीच त्यांना गाठलं. "काय मास्तर, लावता?"

"नको साहेब. मी आता जिंकायला लागलोय."

वडिलांना ही मोठीच थट्टा वाटली. ती त्यांनी गावभर सांगितली. मास्तर मात्र त्या वर्षी कुणाकडेच आले नाहीत. आईने एकदा जेवायला बोलावणं पाठवलं, तर "ड्यूटी आहे" असा निरोप आला. काही महिन्यांनी त्यांनी स्वतः अर्ज करून बदली मागून घेतली, कुठल्याशा लांबच्या स्टेशनावर.

ती मंजूर होईतो पुढची दिवाळी सरली होती, म्हणून ते गेले त्या दिवशीही मुंबईत सामना चालू होता. नवीन तारबाबू चुणचुणीत होता. खिडकीतून ओरडून धावा सांगायचा. अख्खा फलाट त्याच्या खिडकीला चिकटला होता, वडील, शेठजी, अंतोन, सगळे. मास्तरांची ट्रंक पोर्टरने डब्यात टाकली आणि तोही तिकडे पळाला. गाडी हलली. मास्तर दारात उभे होते. त्यांनी हात वर केला. समोर नुसत्या पाठी होत्या. इतक्यात कुणाचा तरी गडी बाद झाला, मोठा ओरडा झाला, आणि त्या ओरड्यात गाडी खाडीच्या पुलाकडे निघून गेली.