घरातला वजनकाटा

माझे भावोजी वजनकाटे दुरुस्त करायचे. बाजाराच्या मागच्या गल्लीत, सायकलवाल्याला लागून त्यांचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्याने बाहेरच थांबायचं, एवढीच जागा. खिळ्यांना टांगलेले स्प्रिंगचे काटे, पोट उघडून पालथे पडलेले दुकानदारांचे काटे, आणि टेबलावर पितळी वजनं. भाजीवाला असो की सोनार, निम्मे लोक काम सांगून झालं की आवाज खाली आणून एक जास्तीची विनंती करायचे. भावोजी शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मी काटा खरा करतो. खोटा करायचा असेल तर घरी नेऊन तूच कर."

पण माणूस महाटवाळ. दारात कोणी दिसलं की आधी नजरेनेच त्याचं वजन करायचे. मला कधी नावाने हाक मारली नाही त्यांनी, "या, पंचाऐंशी किलो" एवढंच. मी टेम्पो चालवतो, बसून बसून पोट सुटलंय, हे मला मान्य आहे. ते भर बाजारात ओरडून सांगायची गरज नव्हती. त्यावरून आमची कैकदा वाजली आहे, आणि दर वेळी ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, त्यांचीच बाजू घेतली आहे. त्या दोघांना मूलबाळ नाही. एकमेकांची बाजू घेणं हाच त्यांचा संसार.

खोकला सुरू झाला तेव्हा "गंजाची धूळ आहे" म्हणून त्यांनी तो बरेच दिवस उडवून लावला. मग थुंकीत रक्त आलं. तपासण्या झाल्या आणि फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई भली होती, तिने गोड बोलून फसवलं नाही. ती म्हणाली, "ऑपरेशनची वेळ गेली आहे. गोळ्या सुरू करू. त्या सोसायच्या तर अंगात ताकद लागते, म्हणून वजन टिकवा. ते असंच उतरत गेलं तर मला गोळ्या थांबवाव्या लागतील."

त्या दिवसापासून ताईच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. वजन टिकलं तर गोळ्या, गोळ्या असल्या तर नवरा. दुरुस्तीला येऊन पडलेला, मालक कधी परत न आलेला एक जुना गोल काटा भावोजींनी घरी नेऊन ठेवला होता. तो तिने बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली मांडला. दर रविवारी अंघोळ झाली की भावोजी त्यावर उभे राहायचे आणि ताई श्वास रोखून सुईकडे बघायची.

"छप्पन्न. जसंच्या तसं," भावोजी म्हणायचे.

ताई हसायची. तेवढं झालं की आजाराचा विषय पुन्हा बंद.

मला त्या घरात जायची भीती वाटायला लागली होती, हे सरळ सांगतो. दोघंही मोठ्याने आणि भरभर बोलायचे, आणि आजार सोडून सगळ्या विषयांवर बोलायचे. भावोजी बाथरूममध्ये गेले की आतून नळ धो धो सोडायचे, खोकला बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. ताई दाराबाहेर उभी राहून नळाच्या आवाजातूनही तो मोजायची. नातेवाईक येऊन "सगळं छान होणार" असं म्हणून जायचे. एकाला तर मी जिन्यात गाठून सुनावलं, की एवढी खात्री असेल तर रोज रात्री इथे येऊन झोप. ताई मात्र सगळ्यांना मान डोलवायची. घरात उकडत असलं तरी तिच्या अंगात जाड स्वेटर असायचा. थंडी वाजते म्हणायची.

एका रविवारी मी निघालो तेव्हा ती माझ्यामागून खाली आली. टेम्पोजवळ उभी राहून म्हणाली, "मी काटा फिरवते."

"कुठला काटा?"

"घरातला. खाली सुई शून्यावर आणायचं चाक असतं ना, ते. हे अंघोळीला गेले की दर वेळी थोडंसं पुढे घेते."

मला हसूच फुटलं. "अगं, काटेवाल्याला काट्याने फसवतेस? धन्य आहेस!"

"तेच तर," ती म्हणाली. ती हसत नव्हती. "त्यांना कळत कसं नाही? रिकाम्या काट्याची सुई शून्याच्या कितीतरी पुढे असते. आंधळ्यालाही दिसेल. हे चढतात, छप्पन्न म्हणतात आणि उतरतात. एक तर त्यांना सगळं माहीत आहे, नाहीतर त्यांची नजर, त्यांचं डोकं, सगळंच चाललंय. यातलं काय असावं असं देवाकडे मागू मी?"

मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि गाडी सुरू केली.

त्यानंतर मी दुकानात गेलो तर भावोजी दाराकडे पाठ करून बसले होते. मांडीवर कमरेचा पट्टा होता आणि हातात हातोडी आणि टोचा. पट्ट्याला आधीच पाडलेल्या नव्या भोकांची रांग होती. मला बघून त्यांनी पट्टा टेबलाखाली सारला आणि माझ्या वजनावरून नेहमीची कोटी केली. मीही नेहमीसारखा चिडलो. खोटं वागणं त्या कुटुंबात एवढं पसरलं होतं की मीही त्यात सामील झालो, आणि कोणी मला विचारलंसुद्धा नाही.

मग दवाखान्याची तारीख आली. मी दोघांना घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईच्या खोलीबाहेर बाकं होती, कोपऱ्यात वजनाचा पांढरा काटा होता आणि त्याच्याशेजारी सिस्टर आकडे लिहून घेत होत्या. ताईचे ओठ सुकले होते. हा काटा तिच्या ताब्यातला नव्हता.

भावोजी चढले. लाल आकडे भराभर फिरले आणि एकोणपन्नासावर थांबले.

"काका, मागच्या वेळी छप्पन्न होतं," सिस्टर म्हणाल्या.

"आताही छप्पन्नच आहे. घरी रविवारी केलंय. तुमचा काटा बिघडलाय."

"सकाळपासून इतके जण उभे राहिले, कोणी काही बोललं नाही."

"ते कशाला बोलतील? वजन कमी दाखवलं तर लोक खूशच होतात." बाकावरची दोन माणसं हसली. भावोजींना चेव चढला. खाली उकिडवे बसून त्यांनी काट्याचे पाय चाचपले, फरशी तपासली. उठताना धाप लागली, भिंत धरावी लागली, तरी थांबेनात. "पाहिजे तर हिला उभी करून बघा. हिचं वजन मला पाठ आहे. लग्न झाल्यापासून अठ्ठावन्नच्या खाली कधी गेली नाही."

"मी कशाला?" ताई मागे सरकली.

"चढ गं. सिद्ध होऊ दे एकदाचं."

"नको म्हणते ना."

"अगं, गोळ्यांचा प्रश्न आहे!"

हे ऐकल्यावर ताई चढली. काट्यावर त्रेचाळीस आले.

"बघा!" भावोजींनी टाळी वाजवली. "पंधरा किलो कमी! हा काटा आहे की..."

तेवढ्यावर त्यांचं तोंड उघडंच राहिलं. पुढचं ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. "बिघडलेला काटा सगळ्यांना सारखाच फसवतो. एकाला सात आणि एकाला पंधरा, असं नसतं."

त्यांनी ताईचं मनगट हातात घेतलं आणि स्वेटरची बाही वर सारली. अंगठा आणि बोट मनगटाभोवती धरली तर ती एकमेकांच्या कितीतरी पुढे गेली. आयुष्यभर दारातल्या परक्या माणसांची वजनं सांगणारा तो माणूस आपल्या बायकोचा हात पहिल्यांदा बघत होता.

"घरचं चाक तू फिरवतेस ते मला पहिल्याच रविवारी कळलं," ते म्हणाले. "तुला बरं वाटायचं म्हणून मी चढत राहिलो. आताही तुझ्यासाठीच भांडत होतो. पण हे काय आहे? जेवत नाहीस?"

"आधी तुम्ही जेवत नव्हता म्हणून माझ्या घशाखाली उतरत नव्हतं," ताई म्हणाली. बाजारातून काय आणायचं ते सांगावं, तशा आवाजात. "आता तसं नाही. आता मीच उतरू देत नाही. तुमच्यामागे त्या घरात मी एकटी काय करू? म्हटलं, बरोबरच निघू."

सिस्टरचा लिहिता हात थांबला. ताई कधीची मरायला निघाली होती आणि मी दर रविवारी तिच्याकडे चहा पिऊन येत होतो. मला स्वतःचा संताप आला, तिचा आला, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली.

आतून भावोजींचा नंबर पुकारला.

"सिस्टर, माझं एकोणपन्नासच लिहा," भावोजी म्हणाले. "आणि हिचं खाली लिहा." मग ताईला म्हणाले, "माझ्या गोळ्या आज थांबतील. थांबू देत. पण आत्ता बोललीस ते सगळं आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगायचं."

"नाही सांगणार."

"मग मीही आत जात नाही." ते बाकावर बसले. ताई त्यांच्याशेजारी बसली. दुसऱ्यांदा नंबर पुकारला, दोघंही खाली मान घालून तशीच बसून राहिली.

तिसऱ्यांदा पुकारल्यावर ताई म्हणाली, "चला." दोघांनी एकमेकांना धरून उठायचा प्रयत्न केला. कोण कोणाला उठवतंय ते कळत नव्हतं, आणि दुसऱ्याला पेलायची ताकद दोघांपैकी एकाच्याही अंगात नव्हती. ती दोघं अर्धवट उठलेली, एका बाजूला कलायला लागलेली बघून मी धावलो.