पाणी कुठं जातंय?

लखनौतले आमचे मिस्त्री अंदाज चुकला की जास्तच खूश व्हायचे. माझ्या डिझेल गाडीच्या रेडिएटरमधलं पाणी रोज कमी व्हायचं, खाली मात्र थेंबही नाही. मिस्त्रींनी एकेक पाइप तपासला आणि प्रत्येकाला थोपटून म्हणाले, "माफ़ कीजिएगा, आप बेक़सूर हैं!" मग झाकण काढून त्यांनी इंजिन चालू केलं. पाण्यात बुडबुडे उठले. "हेड गॅस्केट! पानी तो इंजन पी रहा है!" म्हणत त्यांनी मला कडकडून मिठी मारली.

इंजिनच्या आतलं ते फाटलेलं पॅकिंग बदलायला आता अख्खं इंजिन उघडावं लागणार होतं, तरी मीही नाचलो. तसाच सायकलरिक्षानं सासूबाईंना आणायला चारबाग स्टेशनवर गेलो. माझ्या पाठीवरचे काळेकुट्ट पंजे पाहून त्या दचकल्या. "जावईबापू, मारामारी झाली?"

"नाही हो आई, निदान झालं!"