आम्ही खालीच बसणार

गरम बोंबील आणि पार्सलचा बोंबील हे दोन वेगळे पदार्थ आहेत. ज्यांना यात फरक वाटत नाही, त्यांनी आयुष्यभर गरमच खाल्लेला असणार. तव्यावरून थेट ताटात आलेल्या बोंबलाचा रवा दाताखाली वाजतो. तोच फॉइलच्या पिशवीत घालून लालबागहून घोडपदेवला चालत आणला की वाटेत स्वतःच्याच वाफेत भिजतो. घरी आल्यावर त्याला पुन्हा तव्यावर टाकून काही होत नाही. मऊ पडलेला बोंबील परत उठत नाही.

माझ्या आईने लालबागच्या एका बारचा बोंबील नेहमी असाच खाल्ला. बाबा शनिवारी छापखान्यातून सुटले की मित्रांबरोबर तिथे बसायचे आणि निघताना आमच्यासाठी एक प्लेट बांधून आणायचे. बार साधा. खाली सनमायकाच्या टेबलांचा हॉल, कोपऱ्यात टीव्ही, दाराशी गल्ल्यावर मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. मागच्या बाजूने लोखंडी जिना वर जातो, तिथे पाटी आहे : फॅमिली रूम, एसी.

कोणी म्हणेल, आई मूळची कोकणातली, तिला बोंबील तळता येत नाही का? येतो, आणि उत्तम येतो. पण आमच्या खोलीत ती तळत असते तेव्हा आम्ही जेवत असतो. एक घाणा बाबांना, एक मला, आलंच कोणी तर त्यांना. ती शेवटी बसते, तोवर तिच्या वाटणीचे दोन तुकडे ताटलीत गार झालेले असतात. म्हणजे बारचा असो की घरचा, कुरकुरीत बोंबील तिच्या तोंडापर्यंत पोचतच नव्हता. हे मला समजायला कॉलेज संपावं लागलं, आणि समजल्यावर मला इतका राग आला की मी दोन दिवस घरात कोणाशी धड बोलले नाही. आईला वाटलं माझं कोणाशी तरी बिनसलंय.

रागाची सवय मला घरातूनच लागली. बाबांच्या छापखान्यात युनियनची, भाडेकरूंची, रेशनच्या मोर्चांची पत्रकं छापली जायची. तिरकी छापलेली, शाई पसरलेली ते घरी आणत आणि आई ती डब्यांखाली अंथरत असे. मी डबे उचलून वाचायचे. ‘समान हक्क’ हे शब्द मी पोह्यांच्या डब्याखाली वाचले. याचा अर्थ काय, असं विचारल्यावर बाबांनी मला त्या बारचंच उदाहरण दिलं होतं.

“आमच्या खालच्या हॉलमध्ये शनिवारी कोणाला अख्खं टेबल मिळत नाही,” ते म्हणाले होते. “आलेला माणूस रिकाम्या खुर्चीमागे उभा राहतो आणि विचारतो, कोणी आहे का? बसलेल्याने ग्लास थोडा सरकवायचा. झालं. मग तू बँकेतला साहेब अस की गोदीतला हमाल. कोणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. खाली सगळे सारखे.”

ही गोष्ट त्यांनी मला कितीतरी वेळा सांगितली. वरचं मात्र कधी सांगितलं नाही. वर काय असतं ते मी स्वतः पाहून आले. एका मैत्रिणीला घेऊन गेले होते. दारातच वेटरने तर्जनी छताकडे केली, “फॅमिली वर.” वर प्लायवूडच्या खोल्या, त्यांना पडदे. वेटरने दोनदा विचारलं, अजून कोणी येणार आहे का. त्याला पुरुष येणार आहे का असं विचारायचं होतं. खाली उकडलेले चणे न मागता येतात, वर मागूनही आले नाहीत. आणि जिना चढून आलेली कोळंबी गार होती. मी पिते की नाही हा इथला विषय नाही, तरी विचारणारे विचारतात म्हणून सांगते : त्या दिवशी बिअर प्यायले, ती मात्र गार नव्हती.

गेल्या वर्षी आई महापालिकेच्या हॉस्पिटलातून रिटायर झाली. ती पुरुषांच्या वॉर्डात आया होती. वॉर्डाने तिला नारळ दिला, साडी दिली, समोसे वाटले. बाबा रिटायर झाले तेव्हा मात्र त्यांची पार्टी त्याच खालच्या हॉलमध्ये टेबलं जोडून झाली होती आणि आम्हाला पार्सल आलं होतं. म्हणून मी आईला म्हटलं, तुझी पार्टी मी देणार, कुठे जायचं बोल. आधी मी तिला जुन्या मिलच्या जागेवर झालेल्या एका पबमध्ये घेऊन गेले होते. तिथे मला मॅम म्हणतात. बोंबीलही मिळतो, पाटाच्या तुकड्यावर, वर लिंबाची चकती. पण खुर्ची इतकी उंच की आईचे पाय लोंबकळत राहिले आणि तिचं सगळं लक्ष आपण पडू नये याकडे. तेव्हा ती आता एखादं थाळीवालं हॉटेल सांगेल असं मला वाटलं.

“बाबांच्या बारात,” ती म्हणाली. “एकदा तिथे बसून खायचाय. ताटात पडल्या पडल्या.”

“वर की खाली?”

“माझे गुडघे बघतेस ना? तो जिना चढून मी काय जीव देऊ? खाली.”

शनिवारी सकाळी तिने बाबांनाही सांगितलं, आज आम्ही दोघी येतोय. बाबा दाढी करता करता हसले. त्यांना ती गंमत वाटली.

संध्याकाळी आम्ही गेलो. आईने वॉर्डाने दिलेली साडी नेसली होती. हॉल भरलेला. बेसिनजवळचं एक टेबल तेवढं रिकामं, कारण हात धुणाऱ्याचं पाणी त्याच्यावर उडतं. बाबा मधल्या टेबलावर तीन मित्रांसोबत, आमच्याकडे पाठ करून. वेटर आला. वर्षानुवर्षं इथेच असलेला माणूस, मला लहानपणापासून ओळखतो.

“ताई, फॅमिली वर.”

“आम्ही खालीच बसणार,” मी म्हटलं, आणि आम्ही त्या बेसिनजवळच्या टेबलाशी बसलो.

त्याने मान डोलावली आणि निघून गेला. पाणी नाही, मेन्यू नाही, चणे नाहीत. तो आमच्या बाजूने जायचा, यायचा, शेजारच्या टेबलावर रिपीट द्यायचा, आणि त्याची नजर आमच्या डोक्यांवरून भिंतीवरच्या घड्याळाकडे जायची. सरळ नाही म्हणाला असता तर मी भांडले असते. भांडायला मी तयारी करूनच आले होते. पण नाही कोणी म्हणतच नव्हतं. मी दोनदा हात वर केला. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा वेटरच्या आधी बाबा वळले.

ते उठून आले. “अगो, खरंच आलात?”

“सकाळी सांगितलं होतं,” आई म्हणाली.

“मला वाटलं मस्करी करताय.”

“मस्करी करायला साडी नेसून आले मी?”

बाबांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. “वर बसा ना. एसी आहे. मी सांगतो त्याला, गरम गरम पाठवेल.”

“जिना चढवणार कोण? तुमचे मित्र?”

“बाबा,” मी म्हटलं, “खाली सगळे सारखे असं कोण सांगायचं मला?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं?”

“अगं, लोक पितात इथे. शिव्या देतात. तुझ्या आईला बरं दिसतं का ते?”

“पुरुषांच्या वॉर्डात जन्म गेला माझा,” आई म्हणाली. “शिव्या काय मला ठाऊक नाहीत? तुमच्या मित्रांना येत नसतील तेवढ्या मला येतात.”

मी उभी राहिले. माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं आणि त्यातलं बरंचसं बाबांच्याच मशीनवर छापलेलं होतं. आईने माझ्या कुर्त्याचं टोक धरून मला खाली बसवलं.

“गप रव जरा. पत्रक मागाहून वाच. माका भूक लागलीय.”

बाबा आपल्या जागेवर परत गेले. मला त्यांची पाठ दिसत होती आणि त्या पाठीचाही मला राग येत होता. मोर्चात पुढे चालणारी ती पाठ. आता ती टेबलावर इतकी वाकली होती, जणू आम्ही कोणी नव्हतोच. उठून जावं असं मला वाटलं. मी तसं आईला म्हटलंही.

“उठू नकोस,” ती म्हणाली. “आज उठलो तर परत यायला होणार नाही.”

थोड्या वेळाने बाबांच्या टेबलावरच्या एकाला घरून फोन आला आणि तो निघाला. त्यांच्या समोरची खुर्ची रिकामी झाली. आई टेबलाचा आधार घेऊन उठली. मला वाटलं बेसिनकडे जातेय. ती सरळ त्या रिकाम्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि जरा मोठ्याने विचारलं, “कोणी आहे का इथे?”

तिथल्या माणसांच्या हाडात ही रीत किती मुरली आहे ते मला तेव्हा दिसलं. बाबांच्या शेजारी बसलेल्या काकांचं लक्ष टीव्हीवरच्या मॅचमध्ये होतं. प्रश्न कानावर पडताच त्यांनी वरही न बघता मान हलवली आणि ग्लास आपल्याकडे सरकवला. मग वर बघितलं. तोपर्यंत आई बसली होती.

“वहिनी?” काका म्हणाले.

“बसले,” आई म्हणाली. “गुडघे दुखतात.”

मी बेसिनजवळची खुर्ची ओढत आणली आणि टेबलाच्या कडेला बसले. आता हे टेबल चालू होतं, त्यावर ग्लास होते, ऑर्डर होती. इथे वेटरला यावंच लागलं. तो आला, आईकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. बाबांना विचारलं, “शेठ, यांचं वर लावू?”

हे विचारायचं असेल तर आम्हाला विचार, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण आई बाबांकडे बघत होती. माझ्याकडे नाही, वेटरकडे नाही. तिला बोंबील हवा होता हे खरं. पण त्यांनी काय म्हणावं हेही तिला ऐकायचं होतं, आणि ते माझ्या भाषणातून मिळणार नव्हतं. बाबांनी बशीतला एक चणा उचलला, परत ठेवला. दोन्ही मित्र मॅच बघायला लागले.

“वर कशाला?” बाबा म्हणाले. “बसल्यात ना इथे.”

वेटर तरी उभाच.

“अरे, बोंबील आण,” बाबा म्हणाले. “गरम.”

“गरम म्हणजे तव्यावरून थेट,” आई म्हणाली. “करून ठेवलेला नको.”

प्लेट आली तेव्हा वाफ दिसत होती. आईने बोटांनी तुकडा मोडला. त्याचा आवाज टीव्हीच्या आवाजातही मला ऐकू आला, किंवा मला तो ऐकायचाच होता. तिने पहिला बोंबील पूर्ण संपेपर्यंत मान वर केली नाही. दुसरा अर्धा झाल्यावर म्हणाली, “रवा जाड वापरतात. मीठ बरोबर आहे.”

“तुम्ही घरी याहून बरा करत असाल, वहिनी,” काका म्हणाले.

“करते ना. पण मला कोणी असा वाढत नाही.”

काका हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी प्लेट तिच्याकडे थोडी अजून सरकवली, जी आधीच तिच्यासमोर होती.

मोठे प्रश्न सोडून तू बोंबलाचं काय घेऊन बसलीस, असं मला नंतर आमच्या संघटनेच्या एका बैठकीत विचारलं गेलं. विचारणारे कार्यकर्ते चांगले आहेत. बैठक संपल्यावर ते कुठे बसायला जाणार होते आणि त्यांच्या घरी काय बांधून जाणार होतं तेही मला ठाऊक होतं. ज्याला ताटातली गोष्ट लहान वाटते त्याचं ताट आधी वाढलेलं असतं. हे मी त्यांना तिथेच सांगितलं. पुढच्या बैठकीचा निरोप मला उशिरा मिळाला.

तर त्या संध्याकाळी प्लेट संपत आली तेव्हा अण्णा गल्ल्यावरून उठून आले. हात जोडले. “नमस्कार वहिनी. आज ठीक आहे. पुढच्या वेळी आधी फोन करा, वर मस्त सोय करतो. काय आहे, इथे बाकीच्या कस्टमरना बरं वाटत नाही.”

“कुठल्या कस्टमरना?” मी विचारलं. “दाखवा.”

अण्णांनी हॉलवरून नजर फिरवली. कोणी खात होतं, कोणी मॅच बघत होतं. बेसिनवर एकजण चूळ भरत होता.

“तसं नाही ताई. पद्धत असते.”

“पद्धत आम्ही पाळली. रिकाम्या खुर्चीमागे उभं राहून विचारलं. या काकांनी मान हलवली.”

“हलवली मी,” काका म्हणाले, जरा अपराधी आवाजात.

अण्णा बाबांकडे वळले. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, समजून घेईल असा त्यांचा चेहरा. बाबांनी ग्लास खाली ठेवला.

“अण्णा,” ते म्हणाले, “ती पुढच्या शनिवारी पण येणार. इथेच बसणार.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. आईचे भरले नाहीत. तिने रुमालाने बोटं पुसली आणि बाबांकडे बघितलं.

“मी कधी येणार ते मी सांगीन,” ती म्हणाली. मग वेटरकडे वळली. “अजून एक प्लेट. आणि चणे आण. या सगळ्यांना दिलेस तसे.”