दाबू का?

अक्का कीबोर्डवरच्या बटणावर बोट अधांतरी धरायची आणि समोरच्याकडे बघून विचारायची, "दाबू का?"

फॉर्म कुठलाही असो, गॅसचा, परीक्षेचा, विम्याचा. समोरचा "व्हय" म्हणेपर्यंत ते बोट खाली यायचं नाही. एखादा म्हातारा बावचळून गप्प बसला, तर बोटही तसंच थांबायचं आणि मागची रांग वैतागायची. दाबून झालं की ती "आयतु" म्हणायची, म्हणजे झालं. आमच्याकडे माणूस वाक्य मराठीत सुरू करतो आणि कन्नडमध्ये संपवतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

अफजलपूरच्या बसस्टँडसमोर तिचं ऑनलाईन सेंटर आणि भिंतीला भिंत लावून माझं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं दुकान. भीमा फुगली की काठावरच्या पाण्याच्या मोटारी बुडतात आणि माझ्याकडे येतात. "अण्णा, पूर आला की तुमची दिवाळी," असं ती चारचौघांत म्हणायची. मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

असं एखादं माणूस तुमच्याही बसस्टँडसमोर असेल. आमच्या लोकांकडे फोन आले, पण ईमेल कुणाकडे असायला? फॉर्ममध्ये तो रकाना आला की सगळे अक्काकडे बघायचे आणि अक्का स्वतःचा ईमेल टाकायची. मग पंचक्रोशीच्या पोरांचे निकाल, मुलाखतीची बोलावणी, सगळं तिच्याकडे यायचं. ती दारात उभी राहून त्या त्या गावच्या कंडक्टरला हाक मारायची, "त्या पाटलाच्या पोरीला सांगा, सोमवारी बोलावलंय म्हणून." कंडक्टर चहा संपवून निरोप घेऊन जायचा. एकही निरोप वाटेत हरवल्याचं मला आठवत नाही.

नदीकाठच्या काही शिकलेल्या मंडळींनी एक चांगली सोय केली होती. त्यांच्या वेबसाईटवर नाव, गाव आणि ईमेल भरून ठेवायचा. वरून पाणी सुटलं, की ते तुमच्या गावच्या घाटावर पोचायच्या आधी तुम्हाला ईमेल यायचा. अक्कानं पहिलं नाव आमच्या गावाचं भरलं, माझ्या थोरल्या भावाचं. खात्री करून घेणारा ईमेल आला, त्यातली लिंक तिनं दाबली. पुढं एकेका गावाचं एकेक नाव ती भरत गेली, दर वेळी स्वतःच्याच ईमेलवर. दर वेळी हिरवी पट्टी यायची आणि ती म्हणायची, "आयतु."

मी एकदा विचारलं, "सगळ्यांना एकच पत्ता कसा चालंल, अक्का?"

"एका घरात दहा माणसं ऱ्हात्यात की. पोस्टमन कुणाचं पत्र परत नेतो का?"

मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

पावसाळ्यातल्या एका दिवशी आमच्याकडे लख्ख ऊन होतं. सकाळी खालच्या एका गावाचा ईमेल आला, संध्याकाळपर्यंत घाटावर पाणी येईल म्हणून. अक्कानं नेहमीप्रमाणे कंडक्टरकडे निरोप दिला आणि त्या गावात फोनही लावले. थोड्या वेळानं ती माझ्या दुकानात आली. तिचा चेहरा बघून मी हातातली तार खाली ठेवली.

"अण्णा, तुमचं गाव वर हाय का त्या गावाच्या?"

"वरच हाय की. कामून?"

"मग पाणी आधी तुमच्याकडं येनार. तुमच्या गावाचा ईमेल का न्हाई आला?"

तिनं वेबसाईट उघडून बघितली होती, काय झालं ते तिच्याच तोंडून कळलं. एका ईमेलला एकच गाव. नवं गाव भरलं की आधीचं पुसून जायचं आणि ती हिरवी पट्टी 'गाव बदललं' एवढंच सांगत होती. यादीत शेवटचं गाव तेवढं उरलं होतं.

दादा त्या वेळी नदीत होता. मोटारीच्या पायपाच्या तोंडाला गाळ बसला होता, तो काढायला सकाळीच गेला होता. त्याला फोन लावला तर वहिनीनं उचलला. वहिनीचे गुडघे गेलेले, घरात दुसरं कुणी नाही. मी गाडी काढली, अक्का मागं बसली आणि वाटेतल्या गावांना फोन करत राहिली. मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

काठावर पोचलो तेव्हा पाण्याचा रंग बदललेला होता. दादा कमरेइतक्या पाण्यात, आमच्याकडे पाठ करून, पायप ओढत होता. अक्का चप्पल टाकून उतारावरून धावली आणि इतक्या मोठ्यानं ओरडली, की पलीकडच्या काठावरची गुरंसुद्धा वळली. दादानं वळून बघितलं, आम्हाला बघितलं, मग पाण्याकडे बघितलं. तो काठाला बांधलेला दोर धरून वर आला. मोटार गेली. तो चिखलात बसला आणि मला म्हणाला, "रडायलास कामून?" मी खरंच रडत होतो. अक्का लांब उभी होती, जवळ येत नव्हती.

त्यानंतर दर रविवारी सेंटर बंद ठेवून ती बसनं गावोगाव जायची. अंगणात बसून प्रत्येकाचा वेगळा ईमेल त्याच्याच फोनवर काढून द्यायची, फॉर्म भरायची आणि खात्रीची लिंक आली की फोन त्याच्याच हातात द्यायची. "आता मी न्हाई दाबनार. तुमी दाबा." दादानं तर तिला तीन खेपा घालायला लावल्या.

सगळ्यांचे ईमेल झाले तसं तिचं गिऱ्हाईकही आटलं. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाली, "बरंच हाय की." स्वतःच्या ईमेलपुढे मात्र तिनं आमच्या गावाचं नाव घातलं. मी विचारलं, "तू तर इथं ऱ्हातीस, तुला कामून?"

"तुमचा दादा फोन घरी ठिवतो. मला ठाव हाय."

गेल्या हिवाळ्यात अक्का गेली. सेंटर आवरताना तिची सून तिचा फोन घेऊन माझ्याकडे आली. नदीचा ईमेल उघडलेला होता, तळाशी यादीतून नाव काढायची लिंक होती.

"आत्याबाईंचं नाव अजून हाय यात," ती म्हणाली. तिचं बोट त्या लिंकवर अधांतरी थांबलं. "दाबू का, अण्णा?"

मी हातातली तार खाली ठेवली.

"नको," मी म्हणालो. "दादा अजून फोन घरीच ठिवतो."

तिनं बोट काढलं आणि फोन माझ्या हातात दिला.