काळी पडलेली पट्टी

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या आमच्या लॅबमध्ये एक जपानी रसायनशास्त्रज्ञ होते. प्लास्टिकमधूनही वीज वाहू शकते हे जगाला नुकतंच कळलं होतं, आणि त्या सुरुवातीच्या कामात त्यांचा हात होता. बोलण्याआधी ते चष्मा पुसायचे. मीटिंगमध्ये तेवढ्यात विषय बदललेला असायचा, तरी ते शांतपणे मागच्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचे.

एकदा एका मोटार कंपनीची माणसं हे प्लास्टिक बॅटरीसाठी बघायला आली. त्यांनी प्रोजेक्ट घेतला नसता तर माझी नोकरी आणि व्हिसा, दोन्ही गेलं असतं. आमच्या शास्त्रज्ञांनी त्या प्लास्टिकची एक चकचकीत पट्टी दिव्याच्या तारांना जोडली आणि दिवा लागला. पाहुणे खूश झाले. मग कुणी न सांगता शास्त्रज्ञांनी बरेच दिवस उघड्यावर राहिलेली काळपट पट्टी जोडली. दिवा लागला नाही.

"हवेनं हे खराब होतं," ते म्हणाले. "उपाय अजून सापडलेला नाही."

बॉसचा चेहरा उतरला. पाहुणे गेल्यावर मी चिडून विचारलं, "हे दाखवायची काय गरज होती?"

"गाडीत बसवल्यावर त्यांना कळलंच असतं. मग आपलं पुन्हा कुणी ऐकलं नसतं."

पुढच्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. बॅटरी त्यांना इतक्यात नको होती, पण हवेवरचा उपाय शोधायचं काम ते आम्हालाच देणार होते. मी धावत शास्त्रज्ञांना सांगायला गेले. त्यांनी मान डोलावली, शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली आणि म्हणाले, "बसा. हे मला एकट्याला जमत नव्हतं."