टिचबटणं

"सरकार म्हणजे आता माझी सूनच," शिंपीकाका म्हणायचे. "आठाला येते, अर्ध्या तासात जाते, आणि भांडत नाही."

त्यांच्या वडिलांचं सगळं घरातच झालं होतं. बायकोने सासऱ्याला सात वर्षं भरवलं, पुसलं. आता बायको नव्हती आणि मुलगा-सून लांब. म्हणून सरकारी कचेरीने एक ताई लावून दिली. ती अंघोळीला हात द्यायची, शर्टाची बटणं लावायची, चहा पिता पिता शेजारणींची गाऱ्हाणी सांगायची. दिवसभरात काकांशी बोलणारं तेवढंच माणूस.

मग तपासणीची चिठ्ठी आली. काकांना स्वतःचं किती जमतं ते बघून ताई ठेवायची की काढायची, ते ठरणार होतं.

मुलाने फोनवर बजावलं, "बाबा, काहीच जमत नाही म्हणा. सरकारपुढे कसली लाज?"

"हो, हो."

पण ज्याने पन्नास वर्षं गावाचं अंग झाकलं, तो परक्या बाईपुढे उघड्या छातीने बसेल? काका आठ दिवस खपले. शर्टाच्या पट्टीखाली टिचबटणं टाकली, काजं बुजवली, त्यांच्यावर बटणं नुसती शोभेला लावली. बोटं वळत नव्हती, म्हणून सुईत दोरा ताईच ओवून द्यायची. "वेळ जातोय ना, बरंय," म्हणायची.

तपासणीला कचेरीतली साहेबीण आली. "शर्ट घालून दाखवता, काका?"

काकांनी तळव्याने दाबलं. टच, टच, टच.

"अरे वा! आणि अंघोळ?"

"ती कधीचीच उरकली." कोणी घातली, ते राहिलंच सांगायचं.

"मग तुम्हाला हो कशाला हवं कोणी?" तिने कागदावर खुणा केल्या. "सहा महिन्यांनी बघू परत." काका पहिला नंबर आल्यासारखे फुलले.

शेवटच्या दिवशी ताई म्हणाली, "काका, तुम्ही तर ठणठणीत निघालात! मला पलीकडच्या आळीतल्या आजी दिल्यात."

खरं काय ते काकांच्या अगदी जिभेवर आलं होतं. "बरं झालं," ते म्हणाले. "त्यांना गरज असेल."

सोमवारी ते आठाला दाराकडे तोंड करून बसले. साडेआठ झाले. मग शर्ट उतरवून त्यांनी कात्रीच्या टोकाने टिचबटणं उसवायला घेतली. दोरा हटेना, टाका त्यांचाच होता ना. दुपारपर्यंत काजं मोकळी झाली, बटणं सुटून मांडीवर पडली.

आता ती पहिल्या जागी लावायची होती. काकांनी सुई उजेडात धरली, दोरा ओला केला, आणि सवयीने दोन्ही हात दाराच्या दिशेने पुढे केले.